बांधाशी वळणारा हात

सकाळी सात वाजता संस्कृतीने आपल्या लग्नाचं आमंत्रण मोबाइलवरून सगळ्या गणगोताला एकदम पाठवलं. फक्त एक घर वगळलं. ते घर तिच्या अंगणातून दिसत होतं.

तिचे आजोबा हिंदुराव उपरण्याच्या ओटीत मेथीचं बी घेऊन रानात निघाले होते. वाघोलीत चहूबाजूंनी इमारती उठल्या, तरी घरामागचा तेवढा तुकडा त्यांनी राखला होता. बांधापलीकडचा तुकडा धाकट्या भावाचा, बापूरावांचा. हिंदुराव मेथी करत, बापूराव कोथिंबीर. दोन्ही माल मार्केट यार्डातच जाई, पण एका टेम्पोतून नाही. बापूरावांनी सरकारी मोजणी आणून बांधावर दगड रोवले, तेव्हापासून भावाभावांत शब्द नव्हता.

"समद्यांना धाडलं?" हिंदुरावांनी विचारलं.

"हो आबा, ब्रॉडकास्ट केलं."

"आन् त्याला?"

"तुम्हीच नको म्हणालात ना?"

"नको म्हनलो, तर नको. इचारलं फकस्त."

ते चालू लागले. संस्कृती मागोमाग गेली. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची, आणि शब्दाचं मूळ सापडलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे.

"आबा, हा ब्रॉडकास्ट शब्द मूळचा तुमचाच आहे. इंग्रज शेतकरी मुठीने बी फोकायचे, त्याला ते ब्रॉडकास्ट म्हणायचे. शंभरेक वर्षांपूर्वी रेडिओवाल्यांनी तो उचलला. आवाज चहूकडे टाकायचा, कुणाच्या दारात पडतो ते बघायचं नाही. आता तो मोबाइलमध्ये आलाय."

हिंदुराव थांबले. त्यांनी ओटीतल्या बियांकडे एकदा पाहिलं.

"शबुद झ्याक हाय. पर बघायचं न्हाई म्हंजे? तुझ्या विंग्रजाला भाऊ नसंल. बांधाशी आलं की हात आत वळवाय लागतो, पोरी. न्हाई तर बी आपलं, रान दुसऱ्याचं आन् भांडण दोघांचं."

मग त्यांनी पेरायला सुरुवात केली. संस्कृती बांधावर बसून बघत राहिली. उजवं पाऊल पडलं की मूठ उघडे. डावं पडलं की हात ओटीत जाई. बी हवेत पंख्यासारखं पसरे आणि सारखं खाली उतरे. कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. म्हातारपणाने त्यांची सही वाकडी होऊ लागली होती. हा हात अजून सरळ होता. बांधाजवळ येताच मनगट आत वळे, इतकं सहज की लक्ष दिल्याशिवाय कळू नये. त्यामुळे बांधालगत हातभर पट्टा उघडा राही. पलीकडे, बापूरावांच्या रानातही तेवढाच पट्टा उघडा होता. दोघांना एकाच बापाने पेरायला शिकवलं होतं.

शेवटची फेरी बांधाला लागून होती. हिंदुराव आले. मूठ उघडली. मनगट वळलं नाही. बी संस्कृतीच्या डोक्यावरून गेलं आणि पलीकडच्या उघड्या मातीवर पडलं.

"आबा, पलीकडे गेलं!"

हिंदुरावांनी रिकामी ओटी झटकली. "वाऱ्यानं गेलं आसंल."

समोरच्या अर्धवट इमारतीवरचा झेंडा काठीला चिकटून होता.

आठवड्याने मेथी उगवली, दोन्हीकडे. बापूराव सकाळी रानात आले, तेव्हा संस्कृती खिडकीत उभी होती. त्यांनी खाली वाकून पाहिलं, पाला चुरगळून हुंगला. हातात खुरपं होतं. ते त्यांनी बांधावरच्या दगडावर ठेवलं आणि ती मेथी तशीच सोडून ते परत गेले.

लग्न आता चार दिवसांवर आलं आहे. बापूरावांना आमंत्रण गेलेलं नाही. आबांनी पाठवायला सांगितलेलं नाही आणि संस्कृतीने पुन्हा विचारलेलं नाही. दोघे भाऊ अजून एकमेकांशी बोललेले नाहीत. आज सकाळी मात्र, हिंदुरावांच्या बाजूच्या त्या हातभर उघड्या पट्ट्यात, कोवळी कोथिंबीर वर आलेली दिसली.