गॅपचं कारण

"गॅपचं कारण काय टाकू, ताई?" कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकाकांनी की-बोर्डवर बोटं तशीच ठेवून विचारलं.

तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला अर्ज करायचा, तर शिक्षणात पडलेल्या खंडाचं ॲफिडेव्हिट लागत होतं. इथं येणारी पोरं वर्षा-दोन वर्षांचा गॅप घेऊन येत. आईचा तीस वर्षांचा होता. सोबत आलेल्या केतकीच्या हातात आईची पिवळी पडलेली बी.ए.ची मार्कशीट होती. तिच्यावरची तारीख केतकीनं आज पहिल्यांदाच नीट वाचली. निकाल जूनचा होता, आणि तिचा स्वतःचा जन्म त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला.

"घरगुती अडचण टाकतो," काका म्हणाले. "सगळे तेच टाकतात."

"टाका," केतकी पुटपुटली. ती अडचण म्हणजे आपणच, हे कळल्यावर तिला आईकडे बघवेना.

"अडचण कशाला? मुलीचं संगोपन लिहा," आई काकांना म्हणाली. मग तिनं केतकीच्या हातातून मार्कशीट काढून घेतली आणि पिशवीत जपून ठेवली. "चार वर्षांची होतीस. ओट्यापाशी येऊन विचारलंस, आई, जन्मायच्या आधी मी कुठं होते गं? माझ्या पोळ्या चालल्या होत्या. म्हटलं, जा, बाहेर खेळ जा."

केतकीला यातलं काहीच आठवत नव्हतं. काकांची बोटं मात्र थांबली होती.

"तेवढं उत्तर द्यायचं राहिलंय तुला," आई म्हणाली.