उठून सोडवलेला पेपर

नाम आणि क्रियापद यांतला फरक हा समस्त इंग्रजी भाषेचा पाया आहे. मावशींच्या बाबतीत हा पाया त्यांच्या गुडघ्यांवर उभा होता, आणि त्यातला डावा वाजत होता.

हॉस्पिटलात चादरी सांभाळणाऱ्या मावशींची कारकुनाच्या जागेसाठी ही तिसरी आणि शेवटची परीक्षा. आधी दोन्ही वेळा जुळ्या भावंडांसारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांनी त्यांना आडवं केलं होतं. यंदा मात्र शिक्षिका असलेल्या लेकीने युक्ती दिली होती. "आई, वस्तू असेल तर बसून राहायचं. काम असेल तर उठायचं."

प्रश्न चौथा. ब्रेथ की ब्रीद? पेशंटला मोकळेपणी श्वास घेऊ द्या. घेणं आलं, म्हणजे काम आलं. मावशी उठल्या, खूण केली, बसल्या.

पाचवा. ॲडव्हाइस की ॲडव्हाइज? डॉक्टरांचा सल्ला. सल्ला तर नुसता पडूनच असतो. मावशी हलल्या नाहीत.

आठव्याला त्या पुन्हा उठल्या तेव्हा पर्यवेक्षक धावत आले.

"मावशी, काय चाललंय हे?"

"पेपर सोडवतेय, साहेब."

"उभं राहून?"

"बसल्या बसल्या क्रियापद येत नाही मला."

"बाहेर काढीन हं!"

"काढा की. पण कुठल्या नियमाने ते लिहून द्या."

पर्यवेक्षकांनी नियमांची पुस्तिका उघडली. बोलायला बंदी होती, वळून बघायला बंदी होती. उठण्याबद्दल चकार शब्द नव्हता. त्यांनी पुस्तिका मिटली, आणि तेव्हा कुठे त्यांचं मागे लक्ष गेलं. मावशींच्या मागची अकरा माणसं आयुष्यात प्रथमच इतकी मन लावून समोर बघत होती.

"मावशी, तुम्ही शेवटच्या बाकावर बसा."

मावशी पेपर घेऊन ऐटीत मागे गेल्या. थोड्या वेळाने त्यांचा बाक करकरला. नववा सुटला होता. मग दहावाही सुटला, बसूनच.

पुढच्या बाकांवर मात्र एकही पेन हलेना. अखेर परीक्षेला बसलेल्या हॉस्पिटलच्या लिफ्टमनने हात वर केला.

"साहेब, वळून बघायला बंदी आहे ते बरोबरच आहे. पण बाकं तेवढी फिरवून घेऊ का?"