शेजारी कोणीतरी

बुएनाफ्लोर घराण्यातली बाई परक्या मुलखात जाऊन परक्या पुरुषाची चूल पेटवणार नाही, अशी शपथ क्रिसांतोने चर्चच्या पायरीवर उभं राहून, छातीवर हात ठेवून, चारचौघांत घेतली. स्वतःच्या घरची चूल त्याने अठ्ठावन्न वर्षांत एकदाही पेटवली नव्हती.

शपथ घेऊन तो घरी आला तेव्हा थोरली बहीण मासे तळत होती. थोरली म्हणून तो तिला मानांग म्हणे, आणि त्याचं ऐकून सगळी आळीही तेच म्हणे.

"मानांग, त्या नॉर्वेवाल्याला कळव. व्हिसाचे कागद पाठवायचे नाहीत."

"पाठवले, तोतो. सोमवारीच."

तोतो म्हणजे बाळ. इलोइलो प्रांतात पाळण्यात चिकटलेलं नाव थडग्यापर्यंत सुटत नाही. गावच्या कॅप्टनला, म्हणजे सरपंचाला, सगळे बॉय म्हणत आणि त्याला चार पणतवंडं होती.

"कोणाला विचारून पाठवले?"

"विचारलं असतं तर गेले असते का?"

नॉर्वेवाल्याचं नाव आर्ने. जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त झालेला. गेल्या वर्षी चर्चच्या जत्रेत तो मानांग आणि तिची भाची जोनालिन यांच्या दुकानावर तांदळाचा केक खायला थांबला आणि जत्रा उठेपर्यंत हललाच नाही. मग घरी गेला आणि फोन सुरू झाले.

जोनालिन क्रिसांतोची एकुलती मुलगी. वय चोवीस, शहरात औषधाच्या दुकानात कामाला, दुपारपर्यंत परत. तिची आई गेल्यापासून मानांगनेच तिला वाढवलेलं.

लग्न न झालेल्या बाईने परपुरुषाशी एकटीने बोलायचं नाही, शेजारी कोणीतरी बसायचं, हा या घरचा नियम आणि तो क्रिसांतोनेच घातलेला. त्यामुळे रोज दुपारी मानांग आणि जोनालिन बांबूच्या बाकावर शेजारी शेजारी बसत, मध्ये फोन. नियम इतका काटेकोर पाळला जात होता की क्रिसांतोला भांडायला जागा उरत नव्हती. तो पडद्याआड उभा राही. तिथून त्याला फोनमध्ये एक टक्कल दिसे आणि एक आवाज ऐकू येई, "हॅलो, बेबी."

"लग्नाआधीच बेबी?" तो एकदा पडदा सारून म्हणाला.

"नावाने हाक मारतोय बिचारा," मानांग म्हणाली.

"माझ्यापेक्षा म्हातारा आहे तो."

"दात स्वतःचे आहेत."

क्रिसांतोने उपोषण जाहीर केलं. मानांग म्हणाली, बरं, मग आज भात टाकत नाही. लसणाचा वास मात्र आला, आणि उपोषण भात उतरण्याआधीच सुटलं.

जोनालिनला त्याने काही विचारलं नाही. जिला अडवायचं तिला विचारायचं नसतं, असं त्याचं मत होतं. त्याऐवजी तो पाद्र्याकडे गेला, कॅप्टन बॉयकडे गेला. दोघांनी सहानुभूती दाखवली आणि लग्नाचं डुक्कर कोण भाजणार म्हणून चौकशी केली.

व्हिसाच्या मुलाखतीसाठी मनिलाला जायचा दिवस आला तेव्हा तो दारात आडवा उभा राहिला.

"माझी मुलगी या दारातून गेली तर परत येणार नाही."

"येईल," मानांग म्हणाली. "जोनालिन परत येईल, हा माझा शब्द. आता बाजूला हो, बोट सुटेल."

असा आवाज तिने उभ्या जन्मात लावला नव्हता. तो बाजूला झाला.

परत आल्यावर त्याने न राहवून विचारलं, "काय विचारलं तिथे?"

"त्याच्यात काय पाहिलं, ते विचारलं," जोनालिनने सांगितलं.

"मग?"

"सांगितलं, तीस वर्षं जहाजावर आचारी होता. स्वतः शिजवतो, वाढतो, वर ताटही धुतो. तिथली बाई हसली आणि म्हणाली, झालं."

व्हिसा आला. पाठोपाठ रीतीप्रमाणे मुलगी मागायला आणि सोबत घेऊन जायला आर्ने आला. अंगणात सगळी आळी जमली. डुक्कर शेवटी बॉयनेच भाजलं. क्रिसांतोने ठरवलं होतं, नकार द्यायचाच, पण आधी मान घ्यायचा. त्याने हात उलटा करून पुढे धरला, जावयाने कपाळाला लावावा म्हणून.

आर्नेने तो हात धरून गदागदा हलवला.

"बायाव," तो म्हणाला.

अंगणात हशा पिकला. बायाव म्हणजे मेहुणा.

"अहो साहेब," बॉय म्हणाला, "मेहुणा काय? सासरा आहे तो. बापाला म्हणतात तसं तातय म्हणा."

आर्नेने गोंधळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मानांग एप्रनची गाठ सोडत उभी होती. आत निळा, नवा झगा होता.

"हाच शब्द शिकवलास ना, बेबी?"

या नावाने तिला आई हाक मारायची. आईनंतर कोणीच मारली नव्हती.

"बरोबर बोललास," ती म्हणाली.

क्रिसांतोने मुलीकडे पाहिलं. "आणि तू? रोज दुपारी?"

"शेजारी कोणीतरी बसायचं ना, तातय. मी बसले."

मानांगने एप्रनची घडी घालून भावाच्या हातात ठेवली. "तुझी शपथ मोडत नाही, तोतो. तिथली चूल तोच पेटवतो."

सोमवारी विमान गेलं. मंगळवारी जोनालिन पहिल्या जीपनी बसने कामाला गेली आणि क्रिसांतो चुलीपुढे येऊन उभा राहिला. काडेपेटी कुठे ठेवतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.