गंजलेले बीज

वीर्याची तपासणी होताच मालक म्हणाले, “निम्मे शुक्राणू निपचित पडलेत. उद्या भोपळ्याला कसायाच्या गाडीत चढवा.” भोपळ्या म्हणजे मी, गोठ्यावरच्या गड्याने, वाढवलेला वळू. तपासणीला आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाई मात्र शांतपणे उत्तरल्या, “मालक, वळू थकलेला नाही. पत्र्याखालच्या उकाड्यानं त्याचं बीज गंजलंय, लोखंड गंजतं तसं. नवं बीज घडायला दोन महिने लागतात; तेवढे द्या.” “आणि नाही सुधारला तर?” “तर त्याच गाडीत मलाही बसवा.” मालक हसले आणि मुदत मिळाली. आम्ही छपरावर गवत अंथरले, ओली पोती टांगली, हिरवा चारा वाढवला. मुदत संपताच बाईंनी नवा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून स्वतः न पाहताच मालकांना खुर्ची दिली. “वळवळतंय की सगळं. बाकीच्या गोठ्यांवरही गवत टाका,” मालक पुटपुटले. तेव्हा कुठे त्या विदुषीने आवळलेली मूठ उघडली.