लख्ख खोली

"कचरा कुठाय?" चन्नवीर साहेबांनी विचारलं.

"न्हाय," सोजरबाई म्हणाल्या. "शोधा की. सापडला तर मला दावा."

साहेब मागच्या खोलीच्या दारात उभे होते. नर्सिंग होमची तपासणी करायला आलेला सरकारी माणूस. खोली लख्ख होती. फरशी फिनेलनं पुसलेली, बादल्या उपड्या घालून उन्हाला लावलेल्या, उंबऱ्याला चार बोटं रांगोळी. कचऱ्याच्या खोलीला रांगोळी अख्ख्या सोलापुरात दुसऱ्या कुणी काढली असेल, तर सोजरबाई नाव बदलायला तयार होत्या.

साहेबांच्या मागं डॉक्टर वैजयंती होती, सोजरबाईंची सून. खाली दवाखाना, वर घर. परवाना तिच्या नावावर. रिकामी खोली बघितली आणि तिनं चौकट धरली. सोजरबाईंना वाटलं, लाजली. लाजायलाच पाहिजे.

सकाळी ह्याच खोलीत काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. रक्ताच्या पट्ट्या आणि बोळे भरलेल्या पिवळ्या पिशव्या, नळ्या भरलेल्या लाल पिशव्या. दवाखान्यांचा कचरा नेणारी गाडी बिघडली म्हणून परवापासून आली नव्हती. आणि सून म्हणते कशी, "राहू द्या आत्या. बांधून कुलपात ठेवलंय. साहेबांना तसंच दाखवायचं असतं."

तसंच दाखवायचं! पाहुणा यायच्या दिवशी घाण मांडून बसायची, ही कुठली रीत? गावाकडं करकंबला सोयरे यायचे म्हटलं की सोजरबाई उकिरडासुद्धा सारखा करून घ्यायच्या. सून पेशंट बघायला गेली. लेक अमृत चिंचोळी एमआयडीसीत कामावर. घरातली एकही किल्ली सोजरबाईंच्या कमरेच्या जुडग्याबाहेर नव्हती.

त्यांनी खोली उघडली. सगळ्या पिशव्या घरच्या काळ्या पिशव्यांत कोंबल्या, तोंडं बांधली. सुयांचा पांढरा डबा मात्र टाकवेना. चांगला जाड, घट्ट झाकणाचा डबा. उलथन्यानं झाकण उचकटलं, सुया कागदात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि डबा साबणाच्या पाण्यात टाकला. तेवढ्यात घंटागाडीचं गाणं ऐकू आलं. गाडीवरचा मायाप्पा दारात येताच पिशव्या त्याच्या हवाली केल्या. सोजरबाईंचा कचरा रोज निवडलेला, धुतलेला असायचा; असा कचरा गल्लीत दुसऱ्या कुणाचा नाही, असं तोच म्हणायचा. मग खोली घासायला बसल्या.

"नाही म्हणजे गेला कुठं?" साहेबांनी विचारलं.

"घंटागाडीत. सकाळीच."

साहेबांचं पेन थांबलं. "दवाखान्याचा कचरा घंटागाडीत? मॅडम, हे कुणी सांगितलं?"

"मी," वैजयंती म्हणाली. "जबाबदारी माझी आहे."

सोजरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कंबर मोडली कुणी आणि नाव कुणाचं!

"हिनं? आवो साहेब, हिला केरसुणी कुटल्या हातात धरत्यात ते ठावं न्हाय. ह्या घरात माझ्या शब्दाबिगर चमचा हालत न्हाय. म्या दिला कचरा. लिवा. सोजरबाई म्हणून लिवा."

"आत्या, गप्प बसा हो जरा."

"का बसू? चोरी केली व्हय म्या?"

साहेब शांतपणे बोलले. "आजी, पिशव्या भरलेल्या दिसल्या असत्या, तर मी सही केली असती, चहा घेऊन गेलो असतो. आता ह्यांचा परवाना थांबवावा लागेल."

"घाण ठेवली तर सही, आन काडली तर गुन्हा? तुमचा कायदा लई उफराटा हाय की वो!"

वैजयंतीचं लक्ष कायद्याकडं नव्हतं. ती खोलीचा कोपरा बघत होती. "आत्या, पांढरा डबा कुठाय?"

"भिजत घातलाय."

"आणि त्यातल्या सुया?"

"कागदात गुंडाळून दिल्या. तेवढं कळतंय मला."

वैजयंती फोन आणायला वळली. पण फोनची गरज पडली नाही. फाटकातून मायाप्पा आत येत होता. डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, फडक्यावर लाल डाग.

"डॉक्टर बाई, सुई घुसली. ओला-सुका निवडत हुतो."

वैजयंतीनं त्याचा हात धरला आणि नळाखाली नेला. फडकं सोडलं, साबण लावला. "दाबू नका. पाणी जाऊ द्या वरून. इंजेक्शन देते, गोळ्या सुरू करू. रक्त आज तपासायचं, पुढं पण तपासत राहायचं. तोवर काही सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाय म्हंजी?" सोजरबाईंनी विचारलं.

"सुई आधी कुणाला टोचली होती ते माहीत नाही, आत्या."

नळाचं पाणी वाहत होतं. मायाप्पा तळहाताकडं बघत उभा होता, दुसऱ्याचा हात बघावा तसा. सोजरबाईंना काहीतरी बोलायलाच हवं होतं. गप्प राहायची त्यांना सवय नव्हती.

"आरं मायाप्पा, हातमोजं देत्यात न्हवं तुमाला?" त्या खेकसल्या. "मग घालाया काय हुतंय?"

मायाप्पानं मान वर केली. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

"घालतो की, मोठ्या बाई. अख्ख्या गल्लीच्या कचऱ्याला घालतो. फकस्त तुमची पिशवी आली की काडून ठेवतो."