पडद्याखालचं बटण

ब्राउझर न उघडता, ॲपच्याच पोटात बसून चाचण्या घ्यायची सोय लेकीनं दोन वर्षं खपून वेबसाइट बनवायच्या एका ओपन-सोर्स, म्हणजे सगळ्यांना फुकट वापरता येणाऱ्या, फ्रेमवर्कला जोडली. दवाखान्याच्या वेबसाइटनंही ती वापरली. सगळ्या चाचण्या पास झाल्या. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन याच महिन्यात हवं होतं. तारीख त्याच वेबसाइटवर, आईच्याच मोबाइलवरून घ्यायची होती. “अगं, बटण कुठाय?” आईनं गावाहून विचारलं. “वर सरकव.” “सरकत नाही! बटणावरच्या अक्षरांच्या नुसत्या वेलांट्या दिसतायत, बाकी पडद्याखाली.” लेक चरकली. आईच्या मोबाइलवरची अक्षरं तिनंच मोठी केली होती. तिच्या चाचण्या बटण आतूनच दाबत. ते पडद्यावर मावतं का, हे बघतच नव्हत्या. “अक्षरं लहान कर.” “मग मला दिसायचं कसं, शहाणे?” लेक इकडे हवेतच बोट सरकवत राहिली. “थांब, काहीतरी आलं. ‘तारखा संपल्या.’” आईनं चष्मा काढून ठेवला. “असू दे गं. दिसतं अजून थोडं थोडं.”