भिंगरी फिरेपर्यंत

गाडी चुडाव्याला जेमतेम थांबते आणि सटवाजींची सगळी मसलत त्या थांबण्यावरच बेतलेली होती. नात राजेश्री डब्याच्या दारात उभी होती. खाली फलाटावर सटवाजींशेजारी उभा तिचा बाप भागवत, ज्याला ती दादा म्हणे, पाण्याची बाटली, चिवड्याचा डबा आणि सूचना एकामागून एक वर देत होता.

एकाहत्तरच्या लढाईत सटवाजी हवाई दलात विमानांना बॉम्ब लावायच्या कामावर होते. रात्रीच्या हल्ल्याला विमान निघायच्या आधी ते बॉम्बची पिन काढत, पायलटला दाखवत आणि खिशात टाकत. नातीला त्यांनी कालच समजावलं होतं, "पिन काढली म्हणून बॉम्ब लगेच फुटत न्हाई, बाई. इमानापासून सुटला की नाकावरची भिंगरी वाऱ्यानं फिरती. पुरत्या गिरक्या झाल्या की मग तो जिता होतो. तवर इमान लांब गेलेलं असतं. तू बी गाडी हलली की सांग."

"आन् दादा न्हाई म्हणले तर?" तिनं विचारलं होतं. "त्यांच्या मनाविरुद्ध मी करणार न्हाई, आबा." हे बोलताना तिचे डोळे भरले होते.

गाडी हलली. सटवाजींनी बॉम्बची लाल फितीची जुनी पिन हळूच वर धरून तिला दाखवली.

"दादा," राजेश्री म्हणाली, "मला सेलूच्या मास्तरांचा श्रीनिधी पसंत हाय. लग्न करायचंय."

भागवत हात हलवत राहिला. गोष्ट डोक्यात शिरायला त्याला नेहमीच वेळ लागे. शेवटचा डबा फलाट सोडून गेला, भागवतचा हात खाली आला आणि तेव्हा कुठे सटवाजींच्या ध्यानात आलं की विमान गेलं, पण आपण बॉम्बशेजारीच उभे आहोत. नोकरीभर बॉम्ब लावून दिले, फुटताना जवळून एकही पाहिला नव्हता. ते हळूच दोन पावलं मागे सरकले.

"तुमाला ठाऊक होतं, आबा?"

"व्हय."

"मला बी." भागवत हसायला लागला. "मागच्या बाजारीच सेलूला जाऊन पोरगा बघून आलो. लय गुणाचा हाय. ही कवा तोंड उघडती, त्याचीच वाट बघायलो होतो."

सटवाजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पिन खिशात टाकली.

"ऱ्हाऊ द्या बाहेरच," भागवत म्हणाला. "तिच्या आईला अजून काहीच ठाऊक न्हाई. पंचफुलाची भिंगरी फिरायला वेळ लागत न्हाई, म्हणून तिला तुमीच सांगा."

सटवाजी तिकिटाच्या खिडकीकडे वळले आणि पुढची गाडी कधी आहे ते विचारू लागले.